लिफ्टसमोरची बाई: एका चित्राचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच सोसायटीतलं, ठाण्यात वर्तकनगरला, चार विंगची जुनी बिल्डिंग, त्यामुळे मी तटस्थ वगैरे आहे असं अजिबात म्हणणार नाही. मी ड्रॉइंगचे क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं येतात, जी. डी. आर्ट केलंय, आणि म्हणूनच सेक्रेटरींनी मला धरलं. "मॅडम, ते चित्र नक्की काय आहे ते दहा ओळीत लिहून द्या, मीटिंगमध्ये वाचून दाखवतो आणि विषय संपवतो." विषय दहा ओळीत संपला नाही म्हणून हे एवढं लिहितेय.

झालं असं, ए विंगमधले एक काका गेल्या वर्षी गेले. फोर्टात एका जाहिरात कंपनीत आर्टिस्ट होते, तीस-एकतीस वर्षं ठाणे ते व्हीटी लोकलने केली आणि रविवारी घरी स्वतःची चित्रं काढली. कधी प्रदर्शन नाही, कधी विकणं नाही. मुलगी पुण्याला असते, तिने फ्लॅट विकताना बाकीची चित्रं नेली आणि सगळ्यात मोठं होतं ते सोसायटीला दिलं, वडलांची आठवण म्हणून. कमिटीने आनंदाने घेतलं कारण चित्र तेव्हा चादरीत गुंडाळलेलं होतं. चादर निघाली तेव्हा खिळा आधीच ठोकून झाला होता, लिफ्टच्या बरोब्बर समोर.

चार फूट उंच, अडीच फूट रुंद, कॅनव्हासवर ऑइल. एक बाई, कमरेच्या जरा खालपर्यंत, पुढे साडी काळ्या-निळ्यात विरून जाते आणि पाय नाहीतच. चेहरा एका बाजूने लिंबासारखा पिवळा आणि दुसऱ्या बाजूने हिरवा, म्हणजे सावलीच हिरव्या रंगाची. मान लांब, तिरकी. उजवा हात सरळ वर गेलेला, कोपर टोकदार, मूठ आवळलेली, आणि ती मूठ तिच्या चेहऱ्याहून मोठी. मुठीत काही नाही. डावा हात पोटाशी दाबलेला, त्याच्याखाली एक मरून चौकोन. मागे सगळा मळकट नारिंगी, ब्रशचे फटकारे उभे-उभे, डोक्याजवळ दाट झालेले. आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चार काळ्या रेघा.

पंधरा दिवसात आठ तक्रारी. बी विंगच्या आजोबांना ती फाशी दिलेली बाई वाटली. एकांनी वास्तू काढली, दारासमोर रडकी बाई म्हणजे घरात आजारपण. एका आईचं म्हणणं मुलगा आता लिफ्टने एकटा जात नाही. कोणीतरी कुठल्या ब्रोकरचं मत आणलं की कस्टमरला पहिलं हेच दिसतं, भाव पडतो. आणि ग्रुपवर फोटो टाकून बाईच्या तोंडाभोवती लाल गोल काढून कोणीतरी लिहिलं, "बघा कशी किंचाळतेय."

तोंड बंद आहे

मी दुपारी तीनला, लॉबी रिकामी असते तेव्हा, खुर्ची टाकून वीस मिनिटं नुसती बघत बसले. क्लासमधल्या मुलांना मी सांगते की आधी काय दिसतंय ते बोला, काय वाटतंय ते मागून, आणि स्वतः मात्र कायम उलटं करते, म्हणून वहीत फक्त दिसलेल्या गोष्टी लिहायच्या असं ठरवलं. तिसरीच नोंद अशी होती की तोंड बंद आहे. पूर्ण बंद. विटकरी रंगाची एक आडवी छोटी रेघ, सरळ, ना वर वळलेली ना खाली. सगळी सोसायटी जिला किंचाळणारी म्हणत होती तिने तोंड उघडलेलंच नाही!

मग ती किंचाळी येते कुठून? मला तरी ती मागून येताना दिसली. डोक्यामागचे नारिंगी फटकारे चेहऱ्याला इतके खेटून आहेत की चेहऱ्याभोवती हवाच उरत नाही, आणि त्यात ती टोकदार कोपर, मानेचा बाक, चेहऱ्याहून मोठी मूठ. आवाज तोंडातून येत नाहीये, तो रंगवण्याच्या पद्धतीतून येतोय.

इथे एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराचं 'द स्क्रीम', ते जगभर मगांवर छापलेलं चित्र आठवणारच, १८९३ चं, पुलावर कानाला हात लावलेली आकृती, मागे लाल आभाळ. तिकडेही लोक म्हणतात हा माणूस किंचाळतोय. पण मुंकने स्वतः जे लिहून ठेवलंय त्यात तो दोन मित्रांबरोबर चालला होता, सूर्य मावळत होता, आभाळ रक्तासारखं झालं आणि त्याला निसर्गातून आरपार जाणारी एक किंचाळी ऐकू आली. म्हणजे तिथली आकृती आवाज काढत नाहीये, आवाज सहन करतेय, कान त्यासाठीच झाकलेत. हे समजलं की तेच चित्र उलटं वळतं. एक्स्प्रेशनिझम म्हणून जे म्हणतात त्याचं मूळ इथेच कुठेतरी आहे, पुढे १९०५ मध्ये ड्रेस्डेनला आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार पोरांनी 'डी ब्र्युके', म्हणजे 'पूल', नावाचा ग्रुप काढला आणि रंग-रेषा दिसतात तशा न लावता जाणवतात तशा लावायच्या हे उघडपणे सुरू केलं. बाईचा चेहरा हिरवा असतो का, नसतो. हिरव्या सावलीने जे होतं ते तपकिरी सावलीने होत नाही, एवढाच मुद्दा.

ट्यूबलाइटचा दोष

दुसरी गोष्ट इतकी साधी की सांगताना लाज वाटते. लॉबीत पांढरीफेक एलईडी ट्यूब आहे, साडेसहा हजार केल्विनवाली, सोसायट्यांमध्ये असते ती. तिच्या निळसर उजेडात पिवळा रंग हिरवट दिसतो, आणि आधीच अर्धा हिरवा असलेला चेहरा मग सरळ प्रेतासारखा. मी घरून पिवळ्या उजेडाचा, तीन हजार केल्विनचा बल्ब आणून टेबललॅम्पने मारला, चेहरा एकदम जिवंत झाला, पिवळ्यात थोडा गुलाबी पण आहे हे तेव्हा कळलं. काकांनी हे घरात रंगवलेलं, खिडकीच्या उजेडात नाहीतर पिवळ्या बल्बखाली. त्या काळात घराघरात पिवळेच बल्ब होते.

जागा पण वाईट. लिफ्टचं दार उघडलं की साडेतीन फुटावर चार फुटी चित्र, म्हणजे बघणाऱ्याच्या तोंडावरच मूठ. एवढं मोठं काम निदान सात-आठ फुटांवरून बघायचं असतं. वर टांगलंय इतक्या उंच की बाई आपल्याकडे वाकून बघतेय असं होतं. चित्राचा मध्य साधारण डोळ्यांच्या रेषेत, पाच फुटांच्या आतबाहेर पाहिजे, तो इथे साडेसहा फुटांवर होता कारण खाली मीटरच्या बॉक्सचं झाकण उघडायचं असतं. म्हणजे त्या पोराच्या भीतीत अर्धा वाटा महावितरणच्या मीटरचा.

हे मी सेक्रेटरींना तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण अर्थ काय?"

रंगांची डिक्शनरी

अर्थ म्हटलं की लोकांना कोष्टक हवं असतं. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे मृत्यू, हिरवा म्हणजे मत्सर. मी तीन दिवस येता-जाता लोकांना विचारलं आणि त्या कोष्टकाची पार वाट लागली. एकजण म्हणाला पिवळा चेहरा म्हणजे कावीळ. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या पिवळा म्हणजे हळद, हिरवा म्हणजे चुडा, ही नवी नवरी आहे आणि तिचं काहीतरी वाईट झालंय. एका रिटायर्ड सरांना हिरवा म्हणजे विष वाटलं, एका कॉलेजच्या मुलीला मोबाईलचा उजेड (काकांकडे मोबाईल नावाची गोष्ट शेवटची पाच वर्षं होती, पण तिचं निरीक्षण वाईट नव्हतं, खालून पडलेला उजेडच आहे तो). यातलं कुठलंच वाचन वेडगळ नाही. हिरवा चुडा आपल्या डोक्यात आहेच, काकांच्या डोक्यातही असणार. पण चित्रात त्याला आधार पाहिजे ना, मनगटावर एक बांगडी तरी पाहिजे, आणि वर केलेल्या त्या हाताच्या मनगटावर काहीच नाहीये.

चित्रात हिरव्याचं काम विचाराल तर तो त्या विटकरी ओठांच्या विरुद्धचा रंग आहे. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की दोन्ही थरथरतात, कुठल्याही रंगचक्रात बघा. काकांनी अख्ख्या कॅनव्हासवर विटकरी फक्त ओठांना वापरलाय आणि त्याला खेटून हिरवा ठेवलाय, त्यामुळे बंद तोंड सगळ्यात जास्त हलतं. न बोललेलं तोंड सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं असं मी वहीत लिहिलं आणि मग खोडलं, जरा जास्तच कविता होत होती.

माझी चूक

आता हा भाग जरा सविस्तर सांगते कारण इथे मी छान आपटले.

चौथ्या दिवशी वॉचमनला घेऊन चित्र खाली उतरवलं. कुठलंही चित्र असो, पाठ बघायची असते, कॅनव्हास कुठला, खिळे कसे, कोणाचं लेबल, काही लिहिलंय का. लाकडी पट्टीवर कोळशाने लिहिलं होतं, "८.१२". बास. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आठ डिसेंबर! मुलीला फोन केला, चित्र कधीचं, ती म्हणाली त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातलं असणार, तिची दहावी झाली त्या सुट्टीत बाबा ते हॉलमध्ये काढायचे आणि टर्पेंटाइनच्या वासाने आई भांडायची. म्हणजे ८ डिसेंबर १९९२. बाबरी सहा तारखेला पडली, मुंबईत लगेच दंगल पेटली, आठ तारीख म्हणजे त्याच्या ऐन मध्यावर. वर गेलेला हात म्हणजे शरणागती. चार काळ्या रेघा म्हणजे बंद खिडकीचे गज. नारिंगी म्हणजे आग. सगळं कसं कडीत कडी बसत गेलं.

आणि मला हे इतकं पटलं त्याचं कारण चित्रकार तय्यब मेहता. सत्तेचाळीसच्या दंगलीत त्यांनी मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून जमावाने एका माणसाला मारताना पाहिलं, तरुण होते, आणि ते दृश्य आयुष्यभर सुटलं नाही असं ते सांगत. त्यांची ती कोसळणारी माणसं, हातपाय तुटून कॅनव्हासभर फेकल्यासारखी, त्याच्याशी हे जोडून पाहिलं जातं. मी आमच्या काकांना परस्पर त्या रांगेत नेऊन बसवलं. दीड पान लिहिलं सुद्धा, आणि खोटं कशाला बोलू, फार सुंदर झालं होतं ते पान.

ते पान मी पहिल्यांदा वाचून दाखवलं ते डी विंगच्या काकूंना, कारण त्यांच्याकडे चहाला गेले होते. काकू फोर्टातल्या एका बँकेतून रिटायर झाल्या, सत्तरीच्या आहेत, बोलायला फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कप ठेवला, म्हणाल्या, "आठ बारा? अगं ती गाडी होती. आठ बाराची फास्ट. मी बावीस वर्षं पकडली ती. मागून भरूनच यायची, ठाण्याला चढायचं म्हणजे दिव्यच."

मी म्हटलं, "काकू, तारीख पण असू शकते."

"असेल की. पण तारीख लिहिणारा माणूस वर्ष लिहितो."

काय बोलणार. मुंकच्या त्या चित्रावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ आहे, हे फक्त वेडा माणूसच काढू शकतो अशा अर्थाची, आणि कितीतरी वर्षं लोक धरून चालले की कोणा प्रेक्षकाने खोडसाळपणा केलाय. २०२१ मध्ये नॉर्वेच्या नॅशनल म्युझियमने इन्फ्रारेडखाली बघून, अक्षर ताडून सांगितलं की ते मुंकचंच आहे. हा किस्सा मी मुलांना दरवर्षी सांगते, आणि स्वतःच्या हातात तीन आकडे आले तेव्हा त्यावर अख्खी दंगल उभी केली.

काकूंना खाली घेऊन आले. त्यांनी चित्राकडे आत्तापर्यंत नीट पाहिलंच नव्हतं, डी विंगची लिफ्ट वेगळी. पाच सेकंद पाहिलं असेल. "ही उभी आहे ना गाडीत. हा हात हँडलला. आणि ही पर्स, पुढे घेतलीये, पोटाशी. सगळ्या अशाच उभ्या राहायचो, मागे ठेवली की गेली."

मरून चौकोन म्हणजे पर्स. कोणी त्याला गर्भ म्हणालं होतं, कोणी जखम, मी स्वतः "आतला अंधार" लिहिलं होतं.

वॉचमन बाजूला उभा होता, जालन्याकडचा आहे, बारा तासांची ड्यूटी, खुर्ची बरोबर त्या चित्रासमोर. आमच्यापैकी कोणीही त्याच्याइतकं ते चित्र पाहिलेलं नाही आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं, मी पण नाही. तो म्हणाला, "मॅडम, ती झोपलीय. एक डोळा बघा की. मिटलेला हाये. दुसरा उघडा ठेवलाय. आम्ही रातच्याला असंच करतो, एक डोळा गेटवर."

खरंच डावा डोळा म्हणजे नुसता रंगाचा एक दाबलेला पट्टा आहे, बुबुळ नाही. आम्ही सगळे त्याला "विद्रूप डोळा" म्हणत होतो.

टॉर्च

म्हणजे झालं, सुटलं कोडं, लोकलमध्ये डुलकी काढणारी बाई, असं सेक्रेटरींना वाटलं आणि मलाही तासभर वाटलं. पण ही कुठली बाई आहे ते कळलं म्हणजे चित्राचा अर्थ कळला असं होत नाही. ती हँडल धरून उभी असेल तर हँडल कुठाय?

रात्री लॉबीचे दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून, अगदी तिरपा, कॅनव्हासवर मारला. ऑइल जाड लावलं की त्याचे वरंबे राहतात, तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते आणि वरच्या रंगाखाली काय होतं ते उठून येतं, दुरुस्तीवाले लोक असंच बघतात. मुठीच्या वर नारिंगीखाली एक त्रिकोण दिसला. दोन तिरक्या कडा वर जाऊन एका आडव्या पट्टीला मिळतात, आणि ती पट्टी चित्राच्या वरच्या कडेला समांतर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. हँडल आणि हँडलचा दांडा. काकांनी दोन्ही रंगवले होते, नीट रंगवले होते, आणि मग वरून नारिंगी मारून पुसले.

जमलं नाही म्हणून झाकलं असेल का? असू शकतं, चित्रकार रोज काहीतरी झाकतो. पण जमलं नाही तर ओल्या रंगातच आपण नाइफने खरवडून काढतो. इथे खालच्या कडा कडक आणि स्वच्छ आहेत, म्हणजे तो रंग वाळला होता. जाड ऑइल वाळायला आठवडे लागतात आणि काका फक्त रविवारी बसायचे. म्हणजे हँडलसकट ते चित्र काही आठवडे त्यांच्या हॉलमध्ये उभं होतं, त्यांनी ते बघितलं, आणि मग ठरवून काढून टाकलं.

इथे मला किर्शनर आठवला, आणि यावेळी जरा जपून आठवला. डी ब्र्युकेच्या त्या चौघांपैकी एक. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात गेला, ट्रेनिंगमध्येच मनाने कोसळला, सोडून दिलं. १९१५ मध्ये त्याने स्वतःला सैनिकाच्या युनिफॉर्ममध्ये रंगवलं, तोंडात सिगरेट, मागे नग्न मॉडेल, आणि उजवा हात मनगटापासून तोडलेला. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता, त्याच हाताने त्याने ते चित्र काढलं. तो तुटलेला हात म्हणजे झालेली घटना नव्हे, पुन्हा चित्र काढता येईल की नाही ही भीती आहे. पुढे १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी 'भ्रष्ट कला' म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात हे चित्र टांगलं, खाली टवाळीचं नाव देऊन.

किर्शनरने हात काढला, आमच्या काकांनी हात ठेवला आणि हाताने धरायची वस्तू काढली. बाई तशीच उभी आहे, मूठ आवळून, अर्धी झोपेत, बावीस वर्षांच्या सवयीने. फक्त तिला धरायला काही नाही आणि हे तिला माहीत नाही. बी विंगच्या आजोबांना फाशी दिसली ती काही उगाच नाही, आधार काढून घेतला की लटकणं आणि धरणं सारखंच दिसतं. लोकांना भीती वाटली ती बरोबरच वाटली, फक्त त्यांनी बोट तोंडावर ठेवलं आणि ती होती मुठीत.

पार्श्वभूमी पण यात बसते. शीलची चित्रं ज्यांनी पाहिलीत त्यांना माहीत असेल, एगॉन शील, व्हिएन्नाचा, १९१८ च्या साथीत अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, तो माणूस काढायचा आणि खालची खुर्ची, गादी, खोली बऱ्याचदा काढायचाच नाही, त्यामुळे शरीर कसल्यातरी विचित्र ढंगात हवेत अडकून राहतं. काकांकडे त्याचं पुस्तक होतं, मुलीने सांगितलं, जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात अशी पुस्तकं फिरायची. तसं मुंबईला हे सगळं फार लांबचं नव्हतं कधीच, लँगहॅमर म्हणून व्हिएन्नाचा चित्रकार नाझींपायी इकडे आला, टाइम्स ऑफ इंडियात आर्ट डायरेक्टर होता, आणि सत्तेचाळीसला सूझा, रझा, आरा वगैरे चित्रकारांनी जो प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला त्यातल्या पोरांचा त्याच्याकडे राबता होता. असो, हे मी मीटिंगमध्ये सांगायला घेतलं तेव्हा दोघेजण उठून गेले.

चार रेघा

राहिल्या त्या डावीकडच्या चार काळ्या रेघा. तुरुंग म्हणणारे होते, मी खिडकीचे गज म्हटलं होतं. काकूंना फोनवर विचारलं, त्या आधी गप्प झाल्या मग हसल्या. "लेडीज आणि जनरलच्या मधली जाळी असणार. व्हिडिओ कोच म्हणायचे पुरुष त्या बाजूच्या डब्याला, माहीत नाही तुला? आमच्याकडे बघत उभे राहायचे सगळे." आणि मग हसू थांबलं. "म्हणजे हे तिकडून बघत होते होय."

मी परत टॉर्च घेऊन गेले. रेघा सगळ्यात वरच्या थरात आहेत, एक रेघ बाईच्या बाहीवरून गेलीये आणि तिच्याखाली बाहीचा निळा तसाच आहे. म्हणजे जाळी शेवटी आली. बाई झाली, हँडल गेलं, आणि मग शेवटी काकांनी स्वतःच्या आणि तिच्या मध्ये जाळी घातली. यावर माझं आणि काकूंचं एकमत नाही. मला वाटतं त्यांनी कबुली दिली, मी इकडून बघत होतो, एका अनोळखी झोपलेल्या बाईला, हे लपवायचं असतं तर रेघा काढल्याच नसत्या. काकू म्हणतात, "कबुली देऊन काय, बघितलं ते बघितलंच ना." आणि लिफ्टमधून बाहेर पडणारा प्रत्येकजण आता त्याच डब्यात उभा राहतो हे आहेच.

मुलीला विचारलं, आई होती का ही? नाही म्हणाली, आईने कधी नोकरी केली नाही, लोकलची तिला भीतीच वाटायची.

मीटिंगला एकवीस जण होते. दंगलीवालं पान मी आधी वाचलं आणि मग ते का चुकलं ते सांगितलं, टॉर्च मारून दाखवला, त्रिकोण दिसला तेव्हा मागची मुलं पुढे आली. वास्तूवाल्यांचं समाधान झालं नाही, ते होणारही नव्हतं. ठराव असा झाला की चित्र राहील, पण लिफ्टसमोर नाही, जिन्याच्या बाजूच्या लांब भिंतीवर, बेंचपासून आठ फुटांवर, खाली उतरवून, पिवळ्या दिव्याखाली. तेरा विरुद्ध आठ. काकूंनी विरोधात मत दिलं. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नावावरून परत अर्धा तास गेला. सेक्रेटरींना "लोकलमधील स्त्री" हवं होतं. मी म्हटलं काकांनी जे ठरवून पुसलंय ते आपण पाटीवर परत रंगवायचं नाही. शेवटी पाटीवर ओळी आल्या त्या एवढ्याच: शीर्षक नाही. ऑइल, कॅनव्हास, बहुधा १९९३. मुठीच्या वरचा भाग चित्रकाराने रंगवून नंतर झाकलेला आहे. "जाळीपलीकडून पाहिलेली" हे दोन शब्द घालायचेच असं काकूंनी विरोधात मत देऊनही बजावलं, ते घातले.

त्या मुलाची आई म्हणाली आता तो जातो एकटा, पण तो मोठा पण झालाय या महिन्याभरात. वॉचमनची खुर्ची तिथेच आहे, चित्र त्याला आता दिसत नाही. आणि गेल्या आठवड्यात पाटीच्या खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलंय, "८.१२ फास्ट". अक्षर मी ताडून बघितलेलं नाही.